माउंटन बाइकचा रोटर : १६० वरून १८० कडे

गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस माझ्या माउंटन बाइकच्या पुढच्या ब्रेकचा रोटर (चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती, जिला ब्रेकचे पॅड दोन्ही बाजूंनी धरतात) बदलण्याची वेळ आली आणि त्याबरोबर एक प्रश्नही समोर आला : होता तसा १६० मिलिमीटर व्यासाचाच बसवायचा की मोठा घ्यायचा? प्रश्न छोटा दिसतो, पण त्याचे उत्तर मिळवण्यात जानेवारीच्या शेवटापासून एप्रिल उजाडला. त्या काळात ईमेल लिहावे लागले, चुकीची वस्तू परत पाठवावी लागली, बोहरी आळीत आणि तपकीर गल्लीत फिरावे लागले. पुण्यात या विषयावर मराठीत फारसे लिहिलेले मला सापडले नाही, म्हणून जे जसे घडले त्या क्रमाने लिहून ठेवत आहे.

सायकल हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) आहे, चाके २९ इंची, ब्रेक शिमानोचे साधे हायड्रॉलिक, पुढेमागे १६० चे रोटर आणि रेझिनचे पॅड. आठवड्याच्या शेवटी सिंहगड, बोपदेव घाट किंवा पानशेतच्या बाजूचे कच्चे रस्ते असा माझा वापर असतो. जानेवारीच्या शेवटी सिंहगडावरून उतरताना निम्म्या घाटानंतर पुढचा ब्रेक दाबूनही सायकल पूर्वीइतकी हळू होत नाही, हे स्पष्ट जाणवू लागले. पायथ्याच्या गोळेवाडीला थांबले तेव्हा करपल्यासारखा वास येत होता आणि पुढच्या रोटरवर निळसर-तपकिरी झाक चढली होती. (थांबल्या थांबल्या रोटरला बोट लावू नये. घाट उतरल्यावर तो सहज भाजण्याइतका तापलेला असतो.)

कर्वेनगरमध्ये ज्या मिस्त्रींकडे मी सायकल देते, त्यांनी सर्वप्रथम एकच प्रश्न विचारला. "ताई, लिव्हर मऊ होऊन मुठीपर्यंत येत होता, की कडकच होता आणि ब्रेक लागत नव्हता?" या प्रश्नाचे महत्त्व मला नंतर कळले. लिव्हर मऊ पडून मुठीकडे येत असेल तर ब्रेकच्या तेलात हवा शिरलेली असते किंवा तेल फार तापलेले असते आणि त्यावर पहिला उपाय म्हणजे ब्रेकमधली हवा काढून तेल बदलणे. लिव्हर कडकच राहून पकड कमी होत असेल तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापलेले असतात. रेझिनचे पॅड शांत चालतात आणि रोटर कमी झिजवतात, पण फार तापले की त्यांची पकड सुटते आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. माझी तक्रार दुसऱ्या प्रकारची होती. तरीही तेल जुने झालेले असल्यामुळे त्यांनी ब्रेकचे काम करून दिले, त्याचे पाचशे रुपये झाले. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल तेलच चालते, मोटारसायकलचे डॉट तेल त्यात कधीही घालू देऊ नये. त्याने आतले रबर खराब होते.

मग त्यांनी व्हर्नियर काढून रोटरची जाडी मोजली. शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो आणि १.५ पर्यंत झिजला की बदलायचा असतो. ही किमान जाडी रोटरवरच बारीक अक्षरांत कोरलेली असते. माझा पुढचा रोटर सर्वांत पातळ जागी १.५ च्या अगदी जवळ आला होता, मागचा १.७ होता. पुढचा बदलणे भागच होते. "बदलतोच आहोत तर सरळ दोनशे तीन टाका," असे मिस्त्री म्हणाले आणि सायकलवर जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ओळखीच्या माणसानेही मला तेच सांगितले.

घरी येऊन मी हिशेब मांडला. पॅड ज्या वर्तुळावर रोटरला धरतात त्याची त्रिज्या जितकी मोठी, तितक्याच दाबाने चाकाला थांबवणारे पीळबळ (टॉर्क) अधिक. व्यासांच्या गुणोत्तराने पाहिले तर १६० वरून १८० ला गेल्यावर ते साडेबारा टक्क्यांनी आणि २०३ ला गेल्यावर सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढते. प्रत्यक्षात पॅड कडेपासून थोडे आत धरत असल्यामुळे वाढ किंचित जास्तच असते. यात चाकाचा व्यासही धरावा लागतो, कारण चाक मोठे असेल तर तेच पीळबळ जमिनीशी कमी जोराने पोहोचते. टायरसकट २९ इंची चाकाचा व्यास साधारण ७४० मिलिमीटर असतो आणि साडेसत्तावीस इंचीचा ७०० च्या आसपास. म्हणजे माझ्या सायकलवरचा १६० चा रोटर साडेसत्तावीस इंची चाकावर सुमारे १५१ चा वाटला असता. या एका आकड्याने माझ्या मनातला अर्धा संभ्रम गेला : मला काही खास हवे होते असे नाही, मुळातच २९ इंची चाकाला आणि घाटांना १६० चा पुढचा रोटर तोकडा होता.

दुसरा हिशेब उष्णतेचा, आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा आहे. मी, सायकल, पाणी आणि पाठीवरची पिशवी मिळून ९० किलो धरले. सिंहगडाच्या गाडीरस्त्याने उतरताना सुमारे ६०० मीटर उंची कमी होते. ९० गुणिले ९.८ गुणिले ६०० म्हणजे सव्वापाच लाख ज्यूलहून थोडी अधिक ऊर्जा. ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. काही हवेच्या विरोधात आणि टायरच्या घर्षणात जाते, पण वळणावळणाच्या घाटात जपून उतरणाऱ्याच्या बाबतीत मोठा वाटा ब्रेकलाच खावा लागतो. १६० चा एक रोटर सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर असतो. सगळी उष्णता दोन रोटरांतच साठून राहिली असती तर त्यांचे तापमान कागदावर चार हजार अंशांच्या वर गेले असते, आणि पोलाद तर दीड हजार अंशांच्या आसपास वितळते. अर्थात तसे होत नाही, कारण रोटर उतरणभर हवेत उष्णता टाकत राहतो. म्हणून रोटर निवडताना 'किती जोरात थांबेल' याच्या बरोबरीने 'किती उष्णता सामावेल आणि किती लवकर टाकेल' हे विचारावे लागते. पातळ पातेल्यातले दूध आणि जाड बुडाच्या पातेल्यातले दूध यांत जो फरक, तोच इथे आहे. मोठ्या रोटरमध्ये धातू जास्त, हवेला लागणारा पृष्ठभाग जास्त आणि कडेचा वेगही जास्त.

मग २०३ का नको? याचे उत्तर माझ्या हिशेबात नव्हते, फोर्कमध्ये, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागात, होते. प्रत्येक फोर्कसाठी आणि प्रत्येक फ्रेमसाठी बनवणारी कंपनी रोटरचा कमाल व्यास ठरवून देते. रोटर फोर्कच्या पायाला घासतो की नाही एवढ्यापुरती ती मर्यादा नसते. पुढच्या ब्रेकचा सगळा ताण फोर्कच्या एकट्या डाव्या पायावर येतो आणि कंपनीने तो पाय जितक्या ताणाला तपासलेला असतो, तितक्यापुरतीच ती जबाबदारी घेते. माझ्या फोर्कवरच्या स्टिकरवर रोटरविषयी काही नव्हते आणि सायकलबरोबर आलेल्या पुस्तिकेत 'अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा' एवढेच वाक्य होते.

१० फेब्रुवारीला सायकल बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल लिहिला. पहिले उत्तर यंत्राने पाठवलेले होते आणि त्यात तक्रार क्रमांक होता. दुसऱ्या उत्तरात फ्रेम क्रमांक, खरेदीचे बिल आणि सायकलचा उजव्या बाजूने काढलेला फोटो मागितला होता. फ्रेम क्रमांक पेडलच्या दांड्यांच्या मधल्या नळीखाली कोरलेला असतो. सायकल उलटी करून, चिखल पुसून, टॉर्चच्या उजेडात फोटो काढला तरच तो नीट वाचता येतो. फोर्कचा क्रमांक वेगळा असतो, तोही मी न मागता जोडला आणि त्यामुळे एक फेरी वाचली असावी. त्यानंतर बरेच दिवस शांतता होती. स्मरणपत्र पाठवल्यावर महिनाअखेरीस दोन ओळींचे उत्तर आले : पुढे कमाल १८०, मागे कमाल १८०, यापेक्षा मोठा रोटर बसवल्यास वॉरंटी लागू राहणार नाही. ही दोन ओळींची ईमेल मी छापून बिलाबरोबर फायलीत लावली आहे. कोणीही रोटर मागवण्याआधी असे लेखी उत्तर मिळवावे, फोनवर मिळालेल्या 'चालेल हो मॅडम'ला पुढे काही अर्थ राहत नाही.

अशा रीतीने २०३ चा प्रश्न मिटला आणि खरे सांगायचे तर मला हायसे वाटले. २०३ मध्ये आणखी एक घोळ असतो : काही कंपन्या २०३ चे रोटर बनवतात, काही २०० चे, आणि कॅलिपर (पॅड धरणारा भाग) फोर्कवर योग्य जागी बसवणारे दोन्हींचे अ‍ॅडॅप्टर वेगळे असतात, कारण त्रिज्येत दीड मिलिमीटरचा फरक पडतो. १८० मात्र बहुतेकांकडे १८० च असतो.

मागचा रोटर मी १६० चाच ठेवायचा ठरवला. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचे हलके होते, त्यामुळे मुरमाच्या उतारावर मागचे चाक १६० च्या रोटरनेही सहज लॉक होऊन घसरते. तिथे जोर वाढवून काही साधत नाही. ज्यांचे वजन जास्त आहे, जे कॅरिअरवर सामान लादून घाट उतरतात किंवा मागचा ब्रेक सतत धरून ठेवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी उष्णतेसाठी म्हणून मागेही १८० चा विचार जरूर करावा. उलट मागे मोठा आणि पुढे लहान असे मात्र करू नये.

रोटरचा व्यास ठरला तरी काय मागवायचे हे ठरायला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागल्या. पहिली, रोटर चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या भागाला, कसा बसतो. सहा स्क्रूंचा आणि सेंटरलॉक असे दोन प्रकार आहेत. सेंटरलॉकमध्ये रोटर दातेरी खोबणीत बसून वरून एका कडीने आवळला जातो. माझा हब सहा स्क्रूंचा. दुसरी, कॅलिपर फोर्कला कसा बसतो. पोस्ट माउंटमध्ये बोल्ट पुढून मागे, म्हणजे सायकलच्या लांबीच्या दिशेने जातात आणि दोन भोकांतले अंतर ७४ मिलिमीटर असते. जुन्या आयएस पद्धतीत बोल्ट आडवे, चाकाच्या आसाला समांतर जातात आणि अंतर ५१ मिलिमीटर असते. माझ्या सायकलला पुढे पोस्ट माउंट आहे आणि मागे आयएस. मोठा रोटर बसवताना कॅलिपर बाहेरच्या बाजूला सरकवावा लागतो आणि त्यासाठी अ‍ॅडॅप्टर लागतो. शिमानोच्या अ‍ॅडॅप्टरच्या क्रमांकात ही सगळी माहिती दडलेली असते : एफ म्हणजे पुढचा, आर म्हणजे मागचा, मग रोटरचा व्यास, त्यानंतर पहिले अक्षर कॅलिपरचे आणि तिरक्या रेघेनंतरचे अक्षर फोर्कचे किंवा फ्रेमचे. पी म्हणजे पोस्ट, एस म्हणजे आयएस. मला हवा होता एफ१८०पी/पी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडे रोटर, अ‍ॅडॅप्टर आणि पॅड एकत्र मागवले. रोटर शिमानोचा आरटी६६, किंमत १,७५०. याहून स्वस्त रोटर मिळत होते, पण त्यांवर फक्त रेझिन पॅडसाठी अशी सूचना कोरलेली असते. त्यांचे पोलाद मऊ असते आणि धातूच्या पॅडांनी ते लवकर खाल्ले जाते. मी तूर्त रेझिनच वापरणार होते, तरी पुढेमागे कॅलिपर बदलून धातूचे पॅड घालायचे ठरले तर रोटर पुन्हा घ्यावा लागू नये, एवढ्यासाठी काहीशे रुपये जास्त दिले. अ‍ॅडॅप्टर ८५० आणि पॅडची जोडी ६००. नव्या रोटरबरोबर पॅडही नवेच घ्यावेत. माझे जुने पॅड तर काचेसारखे झालेलेच होते.

पार्सल वेळेवर आले. पिशवीवर बरोबर क्रमांकाचे लेबल आणि आत पी/एस चा अ‍ॅडॅप्टर! परतीची विनंती नोंदवली तर 'पॅकिंग उघडलेले असल्यामुळे अपात्र' असे उत्तर आले. मग लेबल आणि अ‍ॅडॅप्टरवर कोरलेला क्रमांक दोन्ही एकाच फोटोत येतील असे छायाचित्र काढून, जीएसटी बिल जोडून पुन्हा लिहिले, तेव्हा ते मान्य झाले. कुरिअरवाला न्यायला येईपर्यंत आठवडा गेला, पैसे खात्यात येईपर्यंत आणखी काही दिवस. दुसरा अ‍ॅडॅप्टर मी त्यांच्याकडून घेतला नाही, मिस्त्रींच्या ओळखीने शहरातल्याच एका दुकानातून हातात घेऊन, अक्षरे वाचून, त्याच किमतीत घेतला. तो गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात मिळाला.

वाट पाहण्याच्या या काळात अवजारे जमवली. रोटरच्या स्क्रूंना टी२५ मापाची स्टार की लागते, ती रविवार पेठेतल्या बोहरी आळीत १२० रुपयांना मिळाली. स्वस्तातल्या कीचे दाते पहिल्याच घट्ट स्क्रूला घसरतात आणि स्क्रूचे डोके खराब झाले की पुढचे काम अवघड होते, म्हणून इथे वीस-तीस रुपये वाचवू नयेत. रोटर पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. औषधांच्या दुकानात विचारल्यावर सॅनिटायझर पुढे करण्यात आला. पण बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आहेत, तिथे सर्किट बोर्ड साफ करायला तेच वापरतात, आणि 'आयपीए' म्हटल्याबरोबर दुकानदाराने बाटली काउंटरवर ठेवली. दीडशे रुपये.

बसवण्याचे काम मिस्त्रींनी केले, पण माझ्यासमोर आणि माझ्या विनंतीवरून सावकाश. जुन्या रोटरचे सहा स्क्रू त्यांनी आधी सगळे थोडे थोडे सैल केले, मग काढले. नवा रोटर अल्कोहोलने दोन्ही बाजूंनी पुसला आणि त्यानंतर फक्त मधल्या भागाला किंवा कडेला धरला, कारण बोटांचे तेल लागलेला रोटर पॅड खराब करतो. रोटरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पाहून बसवला. स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने आवळले, म्हणजे रोटर एका बाजूला ओढला जात नाही. शिमानोच्या कागदावर या स्क्रूंसाठी २ ते ४ न्यूटन मीटर आणि कॅलिपरच्या बोल्टांसाठी ६ ते ८ न्यूटन मीटर असे आकडे आहेत. मिस्त्रींकडे टॉर्क पान्हा आहे, पण तो भिंतीवर टांगलेला होता. "हात सांगतो," असे ते म्हणाले. मी हट्टाने तो खाली काढायला लावला आणि त्यांच्या हाताने आवळलेल्या सहांपैकी एक स्क्रू तरीही थोडा फिरला. त्यावर दोघेही काही बोललो नाही.

अ‍ॅडॅप्टर फोर्कवर, त्यावर कॅलिपर, बोल्ट अर्धवट सैल. मग चाक फिरवून लिव्हर घट्ट दाबून धरायचा, म्हणजे पॅड रोटरला धरतात आणि कॅलिपर आपोआप मध्यावर येतो, आणि तसाच दाबून धरलेला असताना बोल्ट आवळायचे. इतके करूनही एका जागी किस्-किस् असा आवाज येत होता. मिस्त्रींनी कॅलिपरच्या पलीकडे पांढरा कागद धरला, पॅड आणि रोटर यांच्यामधली उजेडाची बारीक फट दोन्ही बाजूंना सारखी दिसेपर्यंत कॅलिपर केसभर हलवला आणि पुन्हा आवळला. आवाज गेला. मजुरी तीनशे रुपये.

नवा रोटर आणि नवे पॅड बसवून लगेच घाटात जाऊ नये. पॅडच्या द्रव्याचा पातळ, सारखा थर रोटरवर बसेपर्यंत पकड फारच कमी असते, इतकी की पहिल्या दिवशी दुकानाबाहेर ब्रेक दाबल्यावर काळजात धस्स झाले. कोथरूडमध्ये महात्मा सोसायटीच्या बाजूला सकाळी रस्ता रिकामा असतो आणि उतारही बेताचा आहे. तिथे मध्यम वेग घेऊन, चाक लॉक न करता, चालण्याच्या वेगापर्यंत हळू व्हायचे आणि पुन्हा सोडायचे, असे वीसेक वेळा केले. मग जरा जास्त वेगाने तेच. दहाव्या-बाराव्या वेळेनंतर पकड वाढत जाते आणि ती बोटांना कळते.

एप्रिलच्या सुरुवातीला बोपदेव घाटातून कोंढव्याच्या बाजूने उतरले. फरक अपेक्षेइतकाच होता, म्हणजे चमत्कार नव्हता. आधी दोन बोटांनी जोर लावून जे होत असे ते आता एका बोटाने होत होते, आणि घाटाच्या शेवटच्या वळणाला ब्रेक पहिल्या वळणासारखाच लागत होता. रोटरला रंग चढला नाही. सुरुवातीला मात्र पुढचा ब्रेक पूर्वीच्या सवयीने दाबल्यावर फोर्क झटकन खाली बसत असे. त्यासाठी हात हलका करावा लागला, आणि नव्याने रोटर वाढवणाऱ्यांनी पहिले काही दिवस वाळूच्या वळणांवर सांभाळूनच राहावे.

एकूण खर्च ४,२७० रुपये झाला, त्यात ब्रेकच्या तेलाचे काम, अवजार आणि अल्कोहोल धरले आहे. मोठ्या रोटरचा एक तोटा सांगायला हवा : तो वाकण्याची भीती जास्त असते. गाडीच्या डिकीत किंवा बसच्या टपावर सायकल ठेवताना चाक काढले तर रोटर वरच्या बाजूला येईल असे ठेवावे, आणि चाक काढलेले असताना पॅडांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवावा, कारण चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग रोटर आत शिरत नाही.

पावसाळ्यात लाल चिखल आणि मुरमाची कच यांमुळे रेझिनचे पॅड भराभर झिजतात, त्यामुळे जूनपासून मी दर पंधरवड्याला पॅडची जाडी पाहते. पॅडचे द्रव्य अर्ध्या मिलिमीटरवर आले की बदलायचे. मागचा रोटर अजून १.६ च्या वर आहे. तो १.५ ला पोहोचेल तेव्हा तिथे १८० बसवायचा की नाही हे ठरवीन, आणि ठरवले तर मागचे माउंट आयएस असल्यामुळे तिथे पी/एस अक्षरांचा, आर१८० असा अ‍ॅडॅप्टर मागवावा लागेल.